आगमनकाळात ‘जगाचा प्रकाश’ व्हायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

पहाटवारा यांचा प्रश्न

यंदा आगमनकाळाची, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळाची, जबाबदारी आमच्या चर्चच्या तरुण गटाकडे आहे. गटात शाळकरी मुलांपासून नोकरदारांपर्यंत सगळे आहेत. आजवरचा क्रम ठरलेला: हिरव्या पाल्याचं चार मेणबत्त्यांचं पुष्पचक्र, दर रविवारी त्यातली आणखी एक मेणबत्ती, ‘येशू जगाचा प्रकाश’ असा फलक, नाताळच्या आधी एका संस्थेला भेट, फोटो, आणि विषय संपला. मत्तय ५:१४-१६ वर (‘तुम्ही जगाचा प्रकाश आहा’) प्रवचनं खूप ऐकून झाली आहेत, त्यामुळे इथे प्रवचन नको. चार गोष्टी हव्या आहेत.

चारही आठवड्यांत प्रत्येकाला नोकरी-परीक्षा सांभाळून जमेल असं ठोस काम काय द्यावं? ‘तुमची सत्कृत्ये लोकांना दिसोत’ आणि ‘उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये’ ही दोन्ही येशूचीच वचनं, मग काम दाखवायचं की झाकायचं? शेजारी इतर धर्मांचे आहेत. मदतीमागे डाव आहे असं त्यांना वाटू नये म्हणून काय पाळावं? आणि घरोघरी चक्र ठेवायचं ठरलंय, तर त्याचं नीट तंत्र कुणी सांगेल का? पहिली मेणबत्ती तिसऱ्या आठवड्यातच संपते अशी तक्रार सगळ्यांचीच असते.

---

दिवठणी

आधी तारखा बघा, कारण बरेच आराखडे तिथेच कोसळतात. आगमनकाळ १ डिसेंबरला सुरू होत नाही. चोवीस कप्प्यांच्या दिनदर्शिकांमुळे तसा समज झाला आहे. ३० नोव्हेंबरला, म्हणजे संत आंद्रियाच्या सणाला, सर्वांत जवळ येणारा रविवार तो पहिला. त्यामुळे सुरुवात २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमध्ये कधीही होते. रविवार चारच, पण एकूण दिवस २२ ते २८. नाताळ रविवारी आला की पूर्ण २८ दिवस मिळतात (२०२२ मध्ये मिळाले), सोमवारी आला की फक्त २२, आणि चौथा रविवार थेट २४ डिसेंबरला पडतो. २०२३ मध्ये तसं झालं, २०२८ मध्ये पुन्हा होईल. अशा वर्षी चौथ्या आठवड्याचं काम तिसऱ्यातच उरकावं लागतं.

दुसरं, ‘आशा, शांती, आनंद, प्रेम’ या चार शब्दांवर आराखडा बांधू नका. शब्द वाईट नाहीत, पण ती नावं मेणबत्त्यांना नंतर चिकटली, त्यांचा क्रमही सगळीकडे सारखा नाही, आणि मुख्य म्हणजे ‘या आठवड्यात शांती’ असं सांगितलं की कुणीच काही करत नाही. रविवारचं शुभवर्तमान (येशूच्या चरित्रातलं त्या दिवशीचं वाचन) घ्या. चर्चमधल्या वाचनांच्या तीन वर्षांच्या क्रमात २०२५ च्या आगमनकाळापासून मत्तयाचं वर्ष सुरू झालं, २०२६ ला मार्काचं, २०२७ ला लूकचं. वर्ष कुठलंही असो, सांगाडा तोच राहतो: पहिल्या रविवारी ‘जागे राहा’, दुसऱ्या-तिसऱ्याला बाप्तिस्मा करणारा योहान, चौथ्याला मरिया आणि योसेफ. कामं त्यातूनच निघतात.

पहिल्या आठवड्यात काहीही करायचं नाही, फक्त बघायचं. प्रत्येकाने एका कागदावर तीन नावं लिहायची: एक घरातलं, एक शाळेतलं, कामावरचं किंवा शेजारचं, आणि एक असं की जे दिसलं की आपण रस्ता बदलतो. ‘गरीब’, ‘आजारी’, ‘वृद्ध’ असे गठ्ठे चालणार नाहीत, नावच हवं. नावापुढे दोन गोष्टी: या माणसावर नेमका कसला अंधार आहे (एकटेपणा, कर्ज, आजारपण, भांडण, परीक्षेची धास्ती), आणि आठवड्याच्या अर्ध्या तासात माझ्या हातून काय होण्याजोगं आहे. कागद कुणाला दाखवायचा नाही. इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. उत्साही लोक दहा-बारा नावं लिहितात आणि तिसऱ्या आठवड्यात एकही पुरं होत नाही. आणि तिन्ही नावं आपल्याच गटातली निघतात. तिसरं नाव, रस्ता बदलायला लावणारं, सुटू देऊ नका. सगळं काम त्याच्यातच आहे.

दुसरा आठवडा योहानाचा: वाट सरळ करा. याचा अर्थ देणी फेडणं. उसने पैसे, परत न केलेलं पुस्तक, कुणाच्या कामाचं आपल्या नावावर घेतलेलं श्रेय, अर्धवट सोडलेलं भांडण. मत्तय ५:२३-२४ मध्ये वेदीपाशी आणलेलं अर्पण तिथेच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलंय. क्षमा मागायची रीत शिकवावी लागते, ती आपोआप येत नाही. काय केलं ते एका वाक्यात सांगायचं. ‘पण’ हा शब्द वापरायचा नाही. भरपाई काय करणार ते सांगायचं आणि त्याची तारीख द्यायची. समोरच्याने लगेच ‘जाऊ दे’ म्हणावं अशी अपेक्षा ठेवायची नाही. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ ही क्षमायाचना नव्हे, तो दोष समोरच्याच्या वाटण्यावर ढकलणं आहे. गटाच्या व्हॉट्सअॅपवर क्षमा मागणं तर त्याहून वाईट, कारण तिथे समोरच्याला नाही म्हणायची सोय उरत नाही. कॅथलिक असाल तर पापनिवेदन याच आठवड्यात करा. २३-२४ तारखेला रांग लागते आणि फादरांनाही घाई असते.

एक मर्यादा स्पष्ट सांगून ठेवा: ज्याने मारहाण किंवा अत्याचार केला, त्याच्याशी ‘समेट कर’ असा आग्रह पीडिताला करायचा नाही. वाट सरळ करायची ती अपराध्याने.

तिसऱ्या आठवड्यासाठी लूक ३:१०-१४ उघडा, वर्ष कोणतंही चालू असो. आम्ही काय करावं, असं लोक योहानाला विचारतात आणि तो अगदी व्यवहारी उत्तरं देतो. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा. जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायाने कुणाला धाकदपटशा करून पैसा उकळू नये, पगारात भागवावं. धंदा सोडा असं तो कुणालाच म्हणत नाही, त्याच धंद्यात सरळ राहा म्हणतो. गटातल्या नोकरदारांना या आठवड्याचं काम इथेच मिळतं: खोटं बिल लावायचं नाही, हाताखालच्यावर ओरडायचं नाही, आणि घरी किंवा दुकानात कामाला असलेल्यांची मजुरी नाताळच्या आदल्या दिवशीपर्यंत रेंगाळू द्यायची नाही. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये, असं लेवीय १९:१३ मध्ये आहेच.

कपड्यांचं म्हणाल तर कपाट उघडून वर्षभरात अंगाला न लागलेलं बाजूला काढा. धुवा, बटणं लावा, चेन चालते का बघा, मापाची चिठ्ठी लावा. जे आपण स्वतः घालून बाहेर पडणार नाही, ते दान नाही, ते फेकणं. आणि द्यायच्या आधी घेणाऱ्याला विचारा. डिसेंबरमध्ये संस्थांकडे कपडे आणि खाऊ यांचा ढीग पडतो, मग जानेवारीत कुणी फिरकत नाही. म्हणून जमवलेल्यातलं निम्मं डिसेंबरमध्ये द्या, निम्मं जानेवारीअखेर पोहोचवा आणि ती तारीख आत्ताच ठरवून टाका.

चौथ्या आठवड्यात जाणं. मरिया आपल्या नातलग अलिशिबेकडे जाते (लूक १:३९), तिला बोलावून घेत नाही. पहिल्या आठवड्याच्या कागदावरच्या तिघांपैकी एकाच्या घरी जायचं. आधी फोन करून वेळ विचारायची, दोघांनीच जायचं, अर्धा-पाऊण तास थांबायचं. आजारी माणसाकडे त्याहून कमी. पंधरा जणांनी गिटार घेऊन धडकणं हा पाहुणचाराचा भार आहे. बसायचं, ऐकायचं, निघताना पुढच्या भेटीची तारीख सांगायची, आणि ती जानेवारीतली हवी.

---

मेण आणि वात

मेणबत्त्यांचं मी सांगतो.

पहिली लवकर संपते यात नवल काहीच नाही, हिशेब तसाच आहे. साधी २ सेंमी जाडीची मेणबत्ती स्थिर हवेत तासाला साधारण अडीच सेंमी जळते. २५ सेंमीची मेणबत्ती म्हणजे फार तर १० तास. पहिली रोज लागते, म्हणजे २८ दिवसांच्या आगमनकाळात रोज २० मिनिटं धरली तरी ९ तास २० मिनिटं झाली, आणि वारा असेल तर ती त्याआधीच बसते. दुसरी ७ तास, तिसरी ४ तास ४० मिनिटं, चौथी जेमतेम सव्वादोन तास. रोजची वेळ १५ मिनिटांवर आणा: पहिलीला ७ तास पुरतात आणि शेवटी हातभर नाही तरी बोटभर मेण शिल्लक राहतं. पहिली ठेंगणी आणि चौथी उंच अशी उतरंड दिसायलाच हवी, मेणबत्त्यांची अदलाबदल करून ती सारखी करू नका.

‘मग जाडजूड घेऊ’ हा नेहमीचा उपाय चुकीचा आहे. ७ सेंमी व्यासाच्या मेणबत्तीत मेण कडेपर्यंत वितळायला तीनेक तास लागतात. रोज पंधरा मिनिटं लावली तर वातीभोवतीच खड्डा पडत जातो, ज्योत आत बुडते आणि दहाव्या-बाराव्या दिवशी वात मेणात विझते. बारीक, उंच मेणबत्त्याच घ्या.

वात दर वेळी लावण्याआधी ५-६ मिलिमीटरवर कापा. लांब वात काजळी धरते, ज्योत नाचते, मेण ओघळतं. एकाच बाजूने मेण वाहत असेल तर झुळूक त्या बाजूने नाही, विरुद्ध बाजूने येते आहे. पंखा बंद करा किंवा चक्राची जागा बदला. विझवताना फुंकू नका, पातळ मेण टेबलावर उडतं. धातूची वाटी उपडी धरा.

चक्राखाली धातूचं ताट आणि त्यात बोटभर वाळू. प्रत्येक मेणबत्ती धातूच्या खोबणीत घट्ट बसवा, वितळलेल्या मेणाच्या थेंबावर उभी करू नका. हिरवा पाला उबदार खोलीत आठ-पंधरा दिवसांत वाळतो. काडी वाकवून बघा, लवली तर ठीक, कडकन मोडली तर सगळा पाला त्याच दिवशी बदला. वाळलेला पाला चटकन पेट घेतो. ज्योत पाल्यापासून ५ सेंमीवर आली की ती मेणबत्ती बदलायची. पडदे, कागदी तारे, टेबलक्लॉथची लोंबती कड किमान ३० सेंमी लांब. खोलीतून उठताना ज्योत विझलेली हवी, ‘दोन मिनिटांत येतो’ चालणार नाही. घरात कुणाला ऑक्सिजन लावलेला असेल तर पेटती ज्योत नाहीच. बॅटरीच्या मेणबत्त्या वापरा, प्रार्थनेत त्याने काही उणं होत नाही.

रंगांवरून वाद घालू नका. तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी ही कॅथलिक घरांतली नेहमीची पद्धत, मधली पांढरी नाताळच्या रात्री. काही मंडळ्या (चर्च) निळ्या लावतात, काही चारही लाल.

चक्र मुळात कुठून आलं तेही तुमच्या गटाला सांगा, कारण ते विषयाला धरून आहे. योहान हिनरिख विखर्न या जर्मन पाळकाने १८३३ मध्ये हाम्बुर्गजवळ गरीब, बेघर मुलांसाठी ‘राउहेस हाउस’ सुरू केलं. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं रोज विचारायची, म्हणून त्याने १८३९ मध्ये गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या: रविवारांच्या चार मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांच्या लहान लाल. पाला नंतर आला. म्हणजे चक्राचा उगम देवघराच्या सजावटीत नाही, निराधार मुलांच्या घरात आहे.

पंधरा मिनिटांचा क्रम असा ठेवता येईल: घरातल्या सर्वांत लहानाने मेणबत्ती लावायची (मोठ्याचा हात जवळ हवा), त्या दिवसाच्या वाचनातल्या पाच-सहा ओळी, दोन मिनिटं शांतता, मग ‘आज आपण कुणाच्या वाट्याला प्रकाश नेला किंवा न्यायचा राहिला’ यावर एकेकाचं एकच वाक्य, एक गीत, प्रभूची प्रार्थना. मुलांकडून अहवाल वसूल करू नका. दोन दिवसांत ती खोटी उत्तरं तयार ठेवू लागतात.

---

उजवा हात

दाखवायचं की झाकायचं याबद्दल.

मत्तय ५:१६ आणि ६:१-४ शेजारी ठेवून वाचा. दोन्हीकडे प्रश्न दिसण्याचा नाहीच, कशासाठी दिसायचं याचा आहे. पहिल्यात लोकांनी पाहून स्वर्गातल्या पित्याचं गौरव करावं, दुसऱ्यात लोकांनी आपल्याला पाहावं म्हणून केलेलं दान. पण हेतू तपासत बसलं की काम होत नाही आणि हेतू तर कुणालाच पुरता कळत नाही, म्हणून कामांचे प्रकार पाडलेले बरे.

जे काम सगळ्यांचं आहे, ते उघड करा: रक्तदान, परिसराची सफाई, एकट्या वृद्धांसाठी फोनची पाळी. इथे लपवलं तर इतरांना हात लावता येत नाही. एका माणसाची गरज भागवणारं काम झाकून ठेवा: फी, औषधं, भाडं, समेट. त्याची माहिती गटातल्या दोघांनाच असावी. दोघांना का? एकाला असली तर पैशाचा हिशेब संशयात येतो, पाचांना असली तर गावभर होते. प्रेषित पौलही आपल्या पत्रात गोळा केलेल्या मदतीबद्दल नेमकं हेच बजावतो: प्रभूसमोर तर खरेच, पण माणसांसमोरही व्यवहार चोख हवा (२ करिंथ ८:२०-२१). जमा-खर्च लिहून ठेवा, पावती घ्या, गटाला फक्त एकूण रक्कम सांगा. आणि उपास-प्रार्थनेचं स्टेटस ठेवायचं नाही, त्याचा निकाल मत्तय ६ मध्ये लागलेला आहे.

फोटोंचा नियम आधीच लिहून काढा, नाहीतर ऐन वेळी कुणीतरी मोबाईल काढतोच. घेणाऱ्याचा चेहरा नाही. मुलांचे फोटो अजिबात नाहीत. पिशवी हातात देतानाचा फोटो नाही. सामान बांधतानाचा, तोही नावं-पत्ते दिसणार नाहीत असा, चालेल.

शेजाऱ्यांच्या बाबतीत. मदतीला कसलीही अट नको आणि अटीचा वासही नको: ‘आधी प्रार्थना, मग वाटप’ नाही, पिशवीत पत्रक सरकवणं नाही, पुढच्या रविवारचं आमंत्रणही त्याच भेटीत नाही. कुणी विचारलं की तुम्ही हे का करता, तर सरळ सांगा, लाजू नका. १ पेत्र ३:१५ मध्ये उत्तर द्यायला तयार राहा असं आहे, पण ते विचारणाऱ्याला, आणि सौम्यतेने, आदराने. कुणाच्या घरी प्रार्थना करावीशी वाटली तर ‘तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?’ असं विचारा, आणि नको म्हणाले तर चेहरा न पाडता चहा प्या. त्याहून चांगलं म्हणजे, शेजाऱ्यांचं एखादं काम आधीच चालू असेल तर आपला वेगळा फलक न लावता त्यांच्या हाताखाली काम करा.

आणि खऱ्या प्रकाशाचंही जरा बघा. तुमचा चमचमता तारा शेजाऱ्याच्या झोपायच्या खिडकीत रात्रभर लुकलुकत असेल, कॅरलची (नाताळगीतांची) टोळी रात्री अकराला ढोल बडवत असेल, तर मत्तय ५ वरचा फलक उतरवलेलाच बरा. दिवे रात्री दहाला बंद, गाणं त्याच्या आधी.

---

उत्तररात्र

थोडा विरोधी सूर लावतो. आमच्या मंडळीत आगमनकाळ पाळत नाहीत. शास्त्रात तशी आज्ञा नाही, आणि कोणी एक दिवस विशेष मानतो, कोणी सगळे सारखे मानतो, त्यावरून एकमेकांचा न्याय करू नये, असं रोमकरांस १४ मध्ये आहे. तेव्हा पाळणाऱ्यांशी भांडण नाही. पण वरचा आराखडा वाचून दम लागला. कागद, कपाट, क्षमा, भेटी, हिशेब; एवढं केल्यावर माणूस प्रकाश होईल की जळून जाईल?

योहानाबद्दल शुभवर्तमान सांगतं की तो स्वतः प्रकाश नव्हता, प्रकाशाविषयी साक्ष द्यायला आला होता (योहान १:८). दहा कुमारींचा दाखला पुन्हा वाचा: दहाही जणी दिवे घेऊन वराची वाट पाहतात, पण जादा तेल पाच शहाण्यांनीच आणलेलं असतं. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणींना डुलकी लागली, शहाण्यासुद्धा झोपल्या (मत्तय २५:५). फरक जागरणात नव्हता, तेलात होता, आणि ते तेल आयत्या वेळी उसनं मिळालं नाही.

म्हणून व्यवहाराची दोन-तीन बंधनं सुचवतो. आगमनकाळासाठी एक काम वाढवलं तर चालू असलेलं एक काढायचं. काय काढलं तेही त्याच कागदावर लिहायचं. सकाळी फोन हातात घ्यायच्या आधी दहा मिनिटं एक स्तोत्र आणि शांतता. रविवारी गटाचं कुठलंही काम ठेवायचं नाही. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ही दहा मिनिटं तीनपेक्षा जास्त दिवस चुकली असतील, तर उरलेल्या कामांतली निम्मी रद्द करा. वाटेल ते झालं तरी प्रार्थना कापून कामं वाचवू नका. लोक नेमकं उलट करतात आणि २५ तारखेला चिडलेले असतात.

---

दिवठणी

@उत्तररात्र, रविवार मोकळा ठेवण्याचं आणि एक वाढवलं की एक काढण्याचं पटलं. निम्मी कामं रद्द करायची वेळ आली तर तिसऱ्या आठवड्यातलं कपाट जाऊ द्या. दुसऱ्या आठवड्याचा समेट आणि चौथ्याची भेट ठेवा. वस्तू कुणीही देऊ शकतं, तुमच्या भांडणाचा समेट मात्र दुसरं कुणी करू शकत नाही.

आणि ऊर फुटेल असं वाटत असेल तर लूक २१:३४ बघा. अंतःकरणं जड होऊ नयेत म्हणून येशू ज्या गोष्टींपासून सावध करतो त्यांत खादाडी आणि दारूच्या जोडीला संसाराच्या चिंताही आहेत. नाताळची तयारी बहुधा या तिसऱ्या खात्यात पडते.

---

पहाटवारा

सगळ्यांचे आभार, मेणबत्तीच्या हिशेबाचे विशेष. आता तीन अडचणी. एक, ज्याच्याशी समेट करायचा तो फोनच उचलत नसेल तर? दोन, गटातल्या एका मुलाचे वडील या वर्षी गेले. त्याला कॅरलना यायचं नाही आणि बाकीचे ‘ये, बरं वाटेल’ म्हणून मागे लागलेत. तीन, काही जण परीक्षा आणि रात्रपाळीमुळे डिसेंबरच्या मध्यापर्यंत मोकळेच होत नाहीत. त्यांनी सोडून द्यायचं का?

---

उजवा हात

फोनचं: दोनदा फोन, मग एक हाताने लिहिलेली चिठ्ठी, सहा-सात ओळींची. काय केलं, त्याची खंत, काय परत करणार, आणि ‘उत्तर दिलंच पाहिजे असं नाही’. पैसे किंवा वस्तू परत करायची असेल तर ती चिठ्ठीसोबतच पोहोचवा, भेटीची वाट बघत अडवून ठेवू नका. मग थांबायचं. रोम १२:१८ मध्ये ‘शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं’ अशी दुहेरी सूट दिलेली आहे. मध्यस्थ पाठवायचा तर त्या माणसाला मान्य असेल असाच, तुमच्या बाजूचा नको.

---

शेवंतीची वेल

त्या मुलाच्या मागे लागणं आजच थांबवा. त्याला बरं वाटत नाही हा बिघाड नाही, दुरुस्त करायची घाई नको. आगमनकाळाचा पहिला प्रकाश अंधारात चालणाऱ्या लोकांना दिसतो (यशया ९:२), अंधार नाहीच असं भासवणाऱ्यांना नव्हे.

करता येण्याजोगं पुष्कळ आहे. गटातल्या एकानेच, त्याच्या जवळच्याने, जाऊन भेटायचं. वडिलांचं नाव घेऊन बोलायचं. लोक ते टाळतात आणि मुलाला वाटतं, सगळे विसरले. ‘देवाची इच्छा’, ‘ते आता चांगल्या ठिकाणी आहेत’, ‘आईसाठी तू खंबीर राहा’ ही तीन वाक्यं बोलायची नाहीत. ‘काही लागलं तर सांग’ हेही नको, कारण कुणी सांगत नाही. ‘गुरुवारी संध्याकाळी मी आईला दवाखान्यात नेतो’ असं ठरावीक काम उचला. नाताळच्या उपासनेत त्याला बाहेर पडायच्या दारापाशी जागा ठेवा, मध्येच उठला तर मागे कुणी धावायचं नाही.

काही मंडळ्या २१ डिसेंबरच्या आसपास, उत्तर गोलार्धातल्या सर्वांत मोठ्या रात्री, दुःखात असलेल्यांसाठी वेगळी उपासना ठेवतात. तुम्हालाही जमेल. चाळीस मिनिटांपेक्षा लांबवू नका. आनंदगीतं नकोत, विलापाचं एखादं स्तोत्र घ्या: ८८ किंवा १३०. गेलेल्यांची नावं आधी चिठ्ठ्यांवर घेऊन वाचा. उच्चार आधी विचारून घ्या, चुकलेलं नाव फार लागतं. प्रत्येक नावाला एक मेणबत्ती, तीन-चार मिनिटं पूर्ण शांतता, वाद्यही नको. शेवटी चहा ठेवा पण थांबायची सक्ती नको. आणि तिथे ‘आता आपण आनंदी होऊ या’ अशा वळणाचं प्रवचन कुणी देणार असेल, तर उपासना न ठेवलेली बरी.

---

मेण आणि वात

उशिरा मोकळे होणाऱ्यांनी सोडायची गरज नाही. आगमनकाळाला तसेही दोन भाग आहेत: १६ डिसेंबरपर्यंत रोख प्रभूच्या पुनरागमनावर असतो, १७ ते २४ हे दिवस थेट जन्माच्या तयारीचे. १७ ला सुरुवात करणाऱ्याने हा आठ दिवसांचा भाग घ्यावा.

१७ ते २३ या सात संध्याकाळी जुन्या परंपरेत ख्रिस्ताला रोज एका नावाने हाक मारतात: ज्ञान, प्रभू, इशायाचं मूळ, दावीदाची किल्ली, उगवता सूर्य, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. रात्रपाळीवाल्याने त्याची ‘संध्याकाळ’ असेल तेव्हा, म्हणजे सकाळी आठला घरी आल्यावर म्हटलं तरी हरकत नाही. रोज पाच मिनिटं, एक नाव, आणि त्या नावाला धरून एक काम. किल्लीच्या दिवशी (२०) घरात किंवा दवाखान्यात अडकून पडलेल्याला फोन. उगवत्या सूर्याच्या दिवशी (२१) तो वरचा रस्ता बदलायला लावणारा माणूस. इम्मानुएलच्या दिवशी (२३) कुणाकडे तरी नुसतं जाऊन बसणं. उरलेल्या चार नावांच्या दिवशी काय करायचं ते गटालाच ठरवू द्या.

या आठ दिवसांसाठी चारही मेणबत्त्या नव्याने घेत बसू नका. १७ तारीख नेहमी तिसऱ्या आठवड्यातच पडते, म्हणून त्या दिवशी तीन लावा, आधीच्या आठवड्यांच्या ‘राहिलेल्या’ वेगळ्या लावायची गरज नाही. रोज पाच मिनिटांच्या हिशेबाने १० सेंमीच्या छोट्या मेणबत्त्याही भरपूर पुरतात. रात्रपाळीवाल्याने मात्र झोपायच्या खोलीत लावू नये. थकलेला माणूस बसल्या जागी झोपतो. त्याच्यासाठी बॅटरीचीच ठेवा.